भाकरीपाशी थांबलेली प्रार्थना

माझा नवरा प्रार्थनेसाठी प्रसिद्ध होता. नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या चर्चमधल्या कोणाकडे नवी मोपेड आली, पोरीचं लग्न ठरलं, सुनेला दिवस गेले, म्हाताऱ्याचं ऑपरेशन निघालं, की पहिला फोन पाळकाला, म्हणजे आमच्या धर्मगुरूला, आणि दुसरा आमच्या घरी. पाळक नाही मिळाला तरी चालेल, हा पाहिजे. आणि हाही असा की भरल्या ताटावरून उठून जाईल. टाय लावून जाईल. नागपूरच्या मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत असताना, कोणाच्या तरी मोपेडवर आशीर्वाद मागायला टाय लावून निघालेला माझा नवरा मी या डोळ्यांनी पाहिलेला आहे.

त्याची प्रार्थना जगाच्या निर्मितीपासून सुरू व्हायची. आधी आकाश आणि पृथ्वी, मग राज्यकर्ते, सीमेवरचे जवान, दवाखान्यातले डॉक्टर आणि नर्सेस, अनाथ, विधवा, प्रवासात असलेले लोक, आणि या सगळ्यांची सोय लागली की मग ती मोपेड. तोवर चहावर साय धरलेली असायची. लहान मुलं डोळे मिटल्याचं नाटक करत सांबारवडीच्या ताटलीकडे सरकलेली असायची. शेवटी 'आमेन' झालं की बायका पदराने डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "काय प्रार्थना करता जी दादा, मन भरून येते." मी मनात म्हणायची, मन कसलं, उभं राहून राहून पाय भरून आलेत.

मी शाळेत भूगोल शिकवला. उगाच लांबवलेलं उत्तर मला आवडत नाही, वर्गातही नाही आणि चर्चमध्येही नाही. "मोपेडपासूनच सुरू करत जा न गा," मी त्याला घरी आल्यावर म्हणायची. तो हसायचा. "देवाले घाई नसते वं," म्हणायचा. आम्ही दोघं एकाच संडेस्कूलमध्ये नाक पुसत मोठे झालेलो, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी आलंच नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांना ते फार खुपायचं.

मंडळीबद्दलही, म्हणजे चर्चच्या लोकांबद्दलही, आताच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्याचं कोणाला नवल वाटायला नको. आमच्यातल्या जुन्या लोकांची भक्ती म्हणजे जागेची भक्ती. तिसऱ्या बाकाच्या कडेला कोण बसतं हे ठरलेलं, आणि तिथे पाहुणा बसला तर अख्खी उपासना त्याच्या मानेकडे रागाने बघण्यात जाते. हंगामाच्या सणाला देवापुढे आपल्या श्रमाचं पहिलं पीक ठेवायचं असतं. आता आमच्यात शेती कोणाकडे आहे? कोणी बँकेतून रिटायर, कोणी शाळेतून. मग आदल्या दिवशी कळमन्याच्या बाजारातून फळांची पेटीच्या पेटी उचलून आणायची आणि 'हे प्रभू, आमच्या हातचं' म्हणून वेदीपुढे मांडायची. एका वर्षी मी तिथे स्टिकर लावलेली सफरचंदं पाहिली. विदर्भात सफरचंद पिकवणाऱ्या त्या बंधूंचं नाव मला भूगोलाच्या पुस्तकात घालावंसं वाटलं होतं.

नवे लोक वेगळे, पण बरे नाहीत. आता तरुण पाळक आला आहे. गालाला चिकटलेला माइक, घट्ट पँट, आणि बोलता बोलता मध्येच इंग्रजी. त्याने पेटी-तबला मागच्या खोलीत ठेवून दिला आणि पुढे ड्रम आणले. 'वरशिप' म्हणजे फक्त सुरुवातीची गाणी, असं आता आमच्याकडे ठरलेलं आहे. एकच ओळ इतक्या वेळा म्हणायची की म्हणणाऱ्याला गुंगी यावी, आणि गुंगी आली की तिला पवित्र आत्मा म्हणायचं. पूर्वी आमचे लोक भेटले की सलाम म्हणायचे. आता 'प्रेज द लॉर्ड' म्हणतात आणि उत्तर यायच्या आत पुढच्याकडे वळतात.

एक गोष्ट मात्र जुन्या-नव्यांत सारखी. कोणी प्रार्थना सुरू केली, की त्याच क्षणी सगळ्यांचे डोळे मिटतात. संडेस्कूलमध्ये डोळे उघडे दिसले तर डोक्यात टपली बसायची, ती टपली म्हातारपणापर्यंत पुरली आहे. माझ्यावर तिचा परिणाम झाला नाही. बाकी वर्ग डोळे मिटून असताना मागच्या बाकावर काय चालतं, हे पाहण्यातच माझी अख्खी नोकरी सरली. त्यामुळे प्रार्थनेत मी उघड्या डोळ्यांनी उभी असते.

तर एका सकाळी टायची गाठ मारता मारता त्याचा उजवा हात खाली पडला. मला वाटलं चेष्टा करतोय. मग ओठ एका बाजूला ओघळला.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. मी काय म्हणते, कोण आलं, बाहेर पाऊस आहे की ऊन, सगळं. फक्त आतलं बाहेर येत नव्हतं. पाणी हवं असेल तर तोंड उघडायचं, मान ताठ करायची, आणि नुसतं 'त, त' यायचं. ज्याने सगळ्या नागपूरच्या वतीने देवाशी बोलणी केली, त्याला बायकोकडे पाणी मागता येईना. मला देवाची थट्टा करायची सवय आहे, पण ही थट्टा त्याने केली होती आणि ती मला अजिबात आवडली नाही.

वाचा शिकवायला एक तरुण मुलगी होती. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "यांना पाठ काय आहे? आरती? पाढे?"

"आम्ही ख्रिश्चन आहोत," मी म्हटलं.

"मग तुमची एखादी रोजची प्रार्थना असेलच ना. सुरू करून द्या."

प्रभूची प्रार्थना आमच्याकडे मूल बोलायला लागलं की शिकवतात. मी पहिले दोन शब्द म्हटले. आणि नवऱ्याने तिसरा उचलला. तिथून तो सरळ 'आमेन'पर्यंत गेला, एकही अक्षर न अडखळता, त्याच जुन्या भरदार आवाजात. मला रडू आलं. ती मुलगी मात्र शांत होती. तिने समजावून सांगितलं की आपण जे जुळवून बोलतो ते मेंदूत एकीकडे असतं, आणि जन्मभर घोकलेलं दुसरीकडे. ते दुसरं बरेचदा वाचतं. गाणी, आकडे, प्रार्थना. "आणि शिव्या," ती म्हणाली.

ते खरं निघालं. व्यायाम करून घेणाऱ्याने त्याचा आखडलेला पाय वाकवला, तेव्हा नवऱ्याच्या तोंडून एक शिवी आली. इतकी स्पष्ट, इतकी खणखणीत, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. आमच्या सगळ्या संसारात ही शिवी मी त्याच्या तोंडून ऐकलेली नव्हती. कुठे पाठ केली होती, देव जाणे.

घरी आल्यावर मंडळी भेटायला आली. पाळक होता, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या. या बाई म्हणजे आमच्या चर्चचं अर्धं पोलीस खातं. मीच मूर्खासारखं प्रार्थनेचं सांगितलं. सांगितलं म्हणजे नवऱ्याने म्हणूनही दाखवली. संपेपर्यंत सगळ्यांचे डोळे गळायला लागले होते.

"पाहा वहिनी," अध्यक्षा म्हणाल्या, "प्रभूनं त्यायची जीभ फक्त आपल्या स्तुतीसाठी राखून ठेवली."

"शिवीपण राखून ठेवली आहे," मी म्हटलं. आणि दवाखान्यातली गोष्ट सांगितली.

पाळक म्हणाला, "आंटी, ते सैतानाचं काम. प्रार्थना मात्र प्रभूचं."

"मेंदूच्या एकाच खणात आहेत दोन्ही. वाचा शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं."

तो हसला, जसं लहान मुलाकडे पाहून हसतात. मी त्याच्या बापाला नकाशे भरायला शिकवलं होतं.

आता मुख्य गोष्ट. नवऱ्याला भूक लागली की तो ती कशी सांगणार? डाव्या हाताची चिमूट करून तोंडाशी नेली की झालं, असं कोणालाही वाटेल. ती खूण त्याने एकदाच केली. केली, आणि मग आपल्याच हाताकडे बघत राहिला. सिग्नलवर गाडीच्या काचेशी येऊन लोक करतात तीच ती खूण. त्यानंतर त्याने ती कधी केली नाही. उपाशी बसला, पण केली नाही. त्याला बोलून मागायचं होतं. एवढंच त्याचं मागणं होतं, की माणसासारखं तोंडाने मागावं आणि समोरच्याने ऐकावं. मी ताट घेऊन गेले तर तो तोंड फिरवायचा, कारण त्याने मागितलेलं नसायचं. वजन उतरायला लागलं. वाचा शिकवायला घरी येणाऱ्या त्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर माणूस खचेल, आणि खचलेला माणूस मग प्रयत्नच करत नाही.

एका दुपारी मी त्याच्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्याने प्रार्थना सुरू केली. मी लक्ष दिलं नाही. दिवसातून कधीही सुरू करायचा, आणि एकदा सुरू झाली की त्याला ती थांबवता यायची नाही, थेट आमेनपर्यंत जायची. पण त्या दिवशी ती थांबली. मी मान वर केली. त्याने डावा हात तोंडावर गच्च दाबून धरला होता, जसं कोणी कुत्र्याला पट्ट्याने मागे ओढून धरतं. डोळे मोठे करून तो माझ्याकडे बघत होता. शेवटचा शब्द कोणता होता हे मला आठवायला एक क्षण लागला.

भाकर.

"भूक लागली?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटले आणि उघडले. वर्तमानपत्र टाकून मी धावत स्वयंपाकघरात गेले, भाकर होती ती दुधात कुस्करली आणि घेऊन आले, आणि त्याने ती सगळी खाल्ली. दुधाचा ओघळ गळ्यावर येत होता आणि दोघंही हसत होतो. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' असं जन्मभर म्हटलेल्या त्या प्रार्थनेतून त्याने एक शब्द हाताने दाबून पकडून बाहेर काढला होता. मी त्याच्या कपाळाचा मुका घेतला. लग्नानंतर इतका आनंद मला कधी झाला असेल तर आठवत नाही.

तेव्हापासून आमचा व्यवहार सुरू झाला. तो पहिल्यापासून सुरुवात करायचा, भाकरीपर्यंत यायचा, तोंड दाबायचा, आणि मी ताट आणायची. कधी हात वेळेवर पोचायचा नाही, गाडी पुढे निघून जायची. मग चिडून परत पहिल्यापासून. पण जमायचं. वजन परत भरायला लागलं.

काही आठवड्यांनी मंडळी पुन्हा आली. या खेपेला अख्खी, न सांगता, ऐन जेवणाच्या वेळेला. भाजी गॅसवर होती. इतक्या लोकांना चहा करायला दूध नव्हतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. तिथे गर्दी होती. परत आले तेव्हा आत गाणं चाललं होतं आणि नवरा खुर्चीत लालबुंद होऊन बसला होता, गालावरून पाणी वाहत होतं.

"काय झालं?"

"वहिनी, तुमी नव्हत्या, मोठी गोष्ट चुकली तुमची," अध्यक्षा म्हणाल्या. "आत्मा उतरला होता. मी घेतला मोबाईलमधी."

मी ते चित्रण पाहिलं. नवऱ्याने प्रार्थना सुरू केली, आणि सगळ्यांचे डोळे फटाफट मिटले. तो भाकरीपाशी आला. तोंड दाबलं. एकेकाकडे बघू लागला. इकडे बघतो, तिकडे बघतो, पाळकाकडे बघतो. एकाचाही डोळा उघडा नाही. अध्यक्षांचाही नसणार, नाहीतर मोबाईल धरून त्यांना ते दिसलं असतं. त्यांना वाटलं, भरून आल्यामुळे त्याला पुढचं म्हणवत नाही. मग काय, सगळ्यांनी मिळून एका सुरात प्रार्थना पूर्ण केली. आमेन, हालेलुया. नवऱ्याने परत सुरुवात केली. परत डोळे मिटले. परत भाकरीपाशी थांबला, परत लोकांनी उरलेली म्हणून टाकली. तिसऱ्या आमेननंतर डोळे उघडले तेव्हा तो रागाने थरथरत होता आणि त्या थरथरण्याकडे बोट दाखवून कोणीतरी चित्रणात, आत्मा अंगावर उतरला या अर्थाने, कुजबुजलं, 'अभिषेक, अभिषेक.'

"त्याला भूक लागली आहे," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "तो जेवायला मागत होता. भाकर मागत होता!"

अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. "हो न वहिनी. आत्म्याची भूक आहे ते."

"पोटाची आहे! सकाळपासून काही नाही पोटात त्याच्या!"

"काहून रागावून राहिल्या? देवाचं काम होऊन राहिलं घरात."

मी त्या सगळ्यांसमोर ताट आणलं आणि त्याला भरवलं. तो अधाशासारखा जेवला. तरीही एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट पाळकाने जेवणावर आशीर्वाद मागितला आणि सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले. हे लोक रोज उठून रोजच्या भाकरीचं मागणं म्हणतात. पण ते कोणी खरंच मागेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलेलीच नाही. मागितलं तर द्यावं लागेल, ही तर दूरची गोष्ट.

चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. मग पाळक आला, रविवारी अंकलना साक्ष द्यायला आणायचं म्हणाला. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगणं. मी सरळ नाही म्हटलं.

पण नवऱ्याने मान हलवली. हो. मी म्हटलं, नीट समजलं का तुला? स्टेजवर बसवतील. परत मान हलवली आणि डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. कपाटात त्याचा सूट होता. मंडळीपुढे उभं राहायची हौस अर्धांगवायूनेही गेली नव्हती. मला हसू आलं आणि रागही आला, आणि मी सूट इस्त्रीला दिला.

रविवारी निघण्याआधी मी त्याला पोटभर जेवू घातलं. म्हटलं, आज भाकरीपाशी थांबायचं कारण राहू द्यायचं नाही.

चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर त्याचा फोटो होता, मागे उगवता सूर्य, वर चमकत्या अक्षरात 'चमत्कार'. चार जणांनी त्याची चाकाची खुर्ची उचलून स्टेजवर ठेवली. त्याच्या कॉलरला माइक लावला. पाळकाने सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकले होते. कोणत्या डॉक्टरांनी, ते मला विचारायचं होतं. बिल तर हात न टेकता केलं होतं त्यांनी. मागे की-बोर्डवर कोणी एकच सूर दाबून धरला होता, म्हणजे लोकांना कधी रडायचं ते कळावं.

मी पहिल्या बाकावर होते. नवऱ्याने सुरुवात केली. डोळे मिटले, सगळ्या चर्चचे. आवाज छतापर्यंत गेला. खरं सांगते, मला अभिमान वाटला. भाकर आली, तो पुढे गेला. अपराधांची क्षमा आली, पुढे गेला. मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात त्याचा हात वर गेला आणि त्याने तोंड दाबलं.

'आम्हास वाईटापासून सोडव' मधल्या 'सोडव' या शब्दावर.

तो माझ्याकडे बघत होता. एवढ्या माणसांत बघायला मी एकटीच होते. लोकांनी ताबडतोब उरलेली प्रार्थना म्हणून टाकली. आमेन. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली, घाईघाईने, शब्द एकमेकांवर चढवत, आणि परत तिथेच आला. सोडव. लोक परत पुढचं म्हणाले. की-बोर्डचा सूर वाढला. पाळकाने हात उंचावले आणि "येस लॉर्ड, येस लॉर्ड" सुरू केलं. नवऱ्याने तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

मी उठले, स्टेजवर गेले आणि खुर्ची फिरवली. पण पायऱ्या होत्या. ज्या चौघांनी खुर्ची वर ठेवली ते खाली हात जोडून, डोळे मिटून उभे. हाका मारल्या, त्या गाण्यात बुडाल्या. मग मी नवऱ्याच्या कॉलरपाशी वाकले आणि ओरडले, आणि ते माइकमधून सगळ्या चर्चमध्ये आणि जिथे जिथे थेट प्रक्षेपण जात होतं तिथे ऐकू गेलं:

"अबे डोळे उघडा न! खुर्ची धरा कोणीतरी!"

डोळे उघडले. मला वाटतं काहींनी ते उपासनेत आयुष्यात पहिल्यांदाच उघडले असतील. खुर्ची खाली आली. मी त्याला मधल्या वाटेने बाहेर नेलं, कोणाकडे न बघता. ऑटोत बसल्यावर त्याने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

नंतर बरंच बोललं गेलं. अध्यक्षा म्हणाल्या, वहिनीनं देवाच्या कामात खोडा घातला. पाळकाने पुढच्या उपदेशात विश्वासहीन जोडीदारावर भर दिला असं ऐकलं. मला काही वाटलं नाही. उलट मी ऐटीत होते. अख्ख्या मंडळीत त्याचं म्हणणं एकटीला मला कळलं होतं. प्रार्थना म्हणजे काय, हे त्या सगळ्यांना मी शिकवू शकले असते: कोणीतरी मागतं आणि कोणीतरी ताट घेऊन येतं. एवढंच तर आहे. त्याला ड्रम कशाला लागतात?

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात कारली चिरत होते. त्याचं जेवण झालं होतं. कपडे बदललेले होते, कूलर सुरू होता, घरात परकं कोणी नव्हतं. खोलीतून त्याचा आवाज आला. मी सवयीने कान दिला. भाकर आली, तो थांबला नाही. क्षमा आली, थांबला नाही. सोडवपाशी थांबला.

मी हात पुसत दारात गेले. "कशापासून गा?" मी विचारलं. "कोणीच तर नाही आलं. मीच आहो घरात."

त्याने परत सुरुवात केली. सावकाश, एकेक शब्द म्हणत. परत तिथेच आला आणि थांबला. या वेळी त्याला तोंड दाबावं लागलं नाही. हात मांडीवर उताणा पडला होता.

मला आधी राग आला. सगळं मी करते, कूस बदलते, घास भरवते, मग याला सुटायचं आहे कशापासून? माझ्यापासून? मग राग ओसरला आणि भीती वाटली, कारण त्याच्या निम्म्या मेलेल्या अंगाकडे, त्या खुर्चीकडे, त्या ओघळलेल्या ओठाकडे बघितल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाकर मागितली तर मी आणून देऊ शकत होते. ही सुटका कुठून आणणार होते?

पण तो माझ्याकडे मागतच नव्हता. मी दारात उभी आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. साऱ्या जगासाठी मागत फिरलेल्या या माणसाने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवेना. आता मागत होता, आणि ज्याच्याकडे मागत होता त्याच्या आणि याच्यामध्ये मला जागा नव्हती.

उरलेली ओळ माझ्या जिभेवर आली होती. ती म्हटली असती, आमेन म्हटलं असतं, तर ते संपलं असतं आणि मी परत कारल्यांकडे वळू शकले असते. मी ती म्हटली नाही. दाराची चौकट धरून तिथेच उभी राहिले, आणि तो जे मागतोय ते त्याला मिळू नये, आत्ताच मिळू नये, असं मीही त्याच देवाकडे मागायला लागले.